वानखडे सरांचा धांडा

रस्त्यात कडब्याची बैलबंडी दिसली की वानखडे सर तिच्यातून ज्वारीचा एक धांडा उपसून घेत. बंडीवाला ओरडे, "काऊन मास्तर, बैल घेतला काय?"

"नाई बे, पोरायले चारतो!" म्हणत सर तसेच कॉलेजात येत. कोटावर भुसा, हातात धांडा.

सर आम्हांला फ्रेंच शिकवत. महाराष्ट्र राज्य नवं होतं, बुलढाण्यातलं आमचं कॉलेज त्याहून नवं. वर्गात आम्ही तिघंच. उंद्री गावच्या आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. माझ्या 'मले-तुले'ला इतर वर्गांत मुलं हसत, म्हणून मी तोंडच उघडत नसे. फ्रेंचमध्ये सगळेच अडखळतील, एवढ्याच आशेनं मी तो विषय घेतला होता.

'पार्लों' म्हणजे 'आपण बोलतो'. सर धांडा पेरावर मोडून म्हणत, "पार, लों. जीभ इथं मोडते. आता अर्थाचा इळा लावून कापू. 'पार्ल' म्हणजे बोलणं, 'ओं' म्हणजे आपण. इळा अलग जागी लागला. काऊन?" आणि स्वतःलाही ठाऊक नसल्यासारखे उत्तराची वाट पाहत.

ते 'काऊन', म्हणजे 'का', माझ्या डोक्यातून जाईना. घरी बैलांपुढे कडबा टाकताना मी आपलेच शब्द मोडून पाहू लागलो.

उन्हाळ्याच्या तोंडावर प्राचार्य म्हणाले, "तिघांसाठी वर्ग कशाला? मी येऊन ऐकतो, मग ठरवू." ते आले आणि नेमकं मलाच उभं केलं. सरांनी धांडा माझ्या हातात दिला. मी तो कडकन मोडला आणि फ्रेंच बाजूलाच राहिलं.

"सर, आपलं 'बोलू' पाहा. जीभ मोडते बो-लू. पण इळा लागते 'बोल'च्या पुढं. फ्रेंचचंबी तसंच हाये. मले वाटे आपलं बोलणं अडाणी हाये. पण त्यालेबी पेरं हायेत!"

कुणी हसलं नाही. प्राचार्य धांडा हातात घेऊन घंटा होईपर्यंत 'क-रू, कर-ऊ' पुटपुटत बसले.

वर्ग तरीही बंद झाला. सरांना नागपूरला नोकरी मिळाली. एस.टी.च्या खिडकीतून त्यांनी विचारलं, "गजानन, आता काय घेशीन?"

"मराठी, सर."

"वर्गात बोलशीन?"

"हाव सर!"

आवाज इतका मोठा निघाला की प्रवासी वळून पाहू लागले. पूर्वी मी मान खाली घातली असती. गाडी हलली, तसा मी तिच्यामागे धावत पुन्हा ओरडलो, "बोलीन!"