उलटा आटा

मुलीनं शिकायला लांब जाणं माझ्या जिवावर आलं होतं. तरी तिचं टेबल पुण्याच्या होस्टेलला न्यायचं, म्हणून काल लातूरच्या घरी ते सुटं करायला बसलो. शेवटच्या स्क्रूचं डोकंच तुटलं. मिस्त्रीला बोलावलं. तो आत अडकलेल्या तुकड्याला भोक पाडू लागला, तसा तापलेल्या लोखंडाचा वास सुटला आणि मी थेट उदगीरला, आईच्या शिलाई मशीनपाशी पोचलो.

आईच्या मशीनचा स्क्रू असाच तुटला होता. तिनं लोकांचे ब्लाउज शिवणं अण्णांना, माझ्या वडिलांना, आवडायचं नाही. तरी मिस्त्री यायच्या आदल्या दिवशी तेच आपणहून मशीन दुरुस्तीला उघडून बसले होते.

रहीमभाई मिस्त्रींनी तुटक्या स्क्रूत भोक पाडून एक पीळदार खिळा ठोकला आणि तो डावीकडं फिरवला.

"भाभी, याला उलटा आटा हाय. सैल करायला गेलं की ह्यो घट्ट धरतो, अन् धरूनच भाईर काढतो."

तुकडा निघाला. तो बघत रहीमभाई म्हणाले, "लई कसलाय कुणीतरी."

आईनं अण्णांकडं पाहिलं.

"मी तर सैलच करायलो होतो," अण्णा म्हणाले.

स्क्रू कुठल्या बाजूला फिरवायचा ते त्यांना कळलं नसेल, असं तेव्हा वाटलं. मोठेपणी वाटायला लागलं, मुद्दामच केलं.

काल मिस्त्रीनं तुकडा काढून विचारलं, "सर, एवढं कुणी कसलं हे?"

मुलगी माझ्याकडं बघत होती.

"मी तर सैलच करत होतो," मी म्हणालो. आणि खरं सांगतो, मला तसंच वाटत होतं.