मखर आणि पाऊण मापाचा सोफा

पडद्यावरच्या त्या सोफ्यावर मोठे माणूस नीट बसू शकले नसते. हे खोलीत दोघांनाच ठाऊक होते: मला आणि माझे वरिष्ठ असलेल्या सावंत सरांना.

मी पनवेलला एका बिल्डरकडे रेंडर करते. रेंडर म्हणजे अजून न बांधलेल्या घराचे, संगणकावर केलेले फोटोसारखे चित्र. हे काम मी पन्नाशी उलटल्यावर शिकले. वरिष्ठांशी वाद घालण्याचा धीर अद्याप आलेला नाही. सरांच्या सूचनेनुसार कॅमेरा वाइड ठेवला होता. त्यामुळे भिंती लांब सरकल्यासारख्या दिसतात. फर्निचर पाऊण मापाचे केले होते. या धंद्यात ते सर्रास चालते.

समोर गव्हाणच्या हिराबाई आणि त्यांचा मुलगा बसले होते. त्यांच्या जमिनीवर इमारत होणार होती. मोबदल्यातला फ्लॅट त्यांनी त्याच दिवशी निवडायचा होता. सहीनंतर बदल नाही. त्यांनी लहान हॉलचा घ्यावा आणि मोठ्या हॉलचा विक्रीसाठी उरावा, अशी सरांची इच्छा होती. मुलगा लहान हॉलच्या चित्रावर खूश होता. हिराबाईंना मात्र गणपतीची काळजी होती.

“आमचं मखर पाच फुटी हाय. या भिंतीला लावून दाखव ना, बाय.”

त्याला वेळ लागेल, नंतर पाठवू, असे सर म्हणाले. वस्तुतः वेळ लागणार नव्हता. मी पाच फुटांची चौकट काढली आणि भिंतीशी ठेवली. सोफ्याशेजारची मोकळी भिंत जवळजवळ भरली.

हिराबाईंनी चौकटीशी सोफा ताडून पाहिला. मग मुलाकडे वळल्या.

“हा सोफा बाहुलीचा हाय काय रं? आन् आरतीची मानसं काय जिन्यात उभी करू?”

मुलगा हसला, पण लगेच गंभीर झाला. सगळे खऱ्या मापात दाखवा, असे त्याने सांगितले. मी सरांकडे पाहिले. त्यांनी होकारार्थी मान हलवली. फर्निचर पूर्ण मापाचे केले, कॅमेरा नेहमीच्या नजरेसारखा ठेवला, आणि हॉल आक्रसला. सही मोठ्या हॉलच्या फ्लॅटवर झाली.

सर रागावले नाहीत. “मॅडम, यापुढे क्लायंटसमोर लॅपटॉप मी चालवणार,” एवढेच म्हणाले. त्यांना ते सॉफ्टवेअर येत नाही, म्हणून मी अजून तिथेच आहे.

मी स्वतःपुरता एक नियम केला आहे. ज्या वस्तूचे माप पाहणाऱ्याला घरूनच ठाऊक असते, अशी एक तरी वस्तू चित्रात खऱ्या मापाची ठेवायची. बहुधा मी प्लास्टिकची खुर्ची ठेवते. सरांच्या मते ती चित्र बिघडवते.