टिकारामचं नाक

वरठीला स्टेशनच्या रस्त्यावर टिकारामचं गॅरेज आहे, आणि त्या गॅरेजात भारी मशीन म्हणावं असं एकच होतं, ते म्हणजे टिकारामचं नाक. गाडी दारात थांबायच्या आत हा सांगायचा, क्लच जळतोय, नाहीतर पेट्रोलची नळी झिरपतेय. लोक थट्टा करायचे आणि गाडी मात्र त्याच्याकडेच आणायचे. ते नाक कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेलं. तापातून माणूस उठला, पण वास काही परत आला नाही. सहा महिने झाले तरी त्यानं हे कोणाला सांगितलं नव्हतं. बायकोला, सरितालासुद्धा नाही. त्या तापात ती अठरा दिवस त्याच्या उशाशी बसून होती. आता पुन्हा तिच्या जिवाला घोर कशाला? ती दुपारी डबा घेऊन आली की हा झाकण उघडून म्हणायचा, "वा, काय वास सुटला!" आणि तिला ते खरं वाटायचं.

मग वासुदेवरावांची गाडी आली. वासुदेवराव जवाहरनगरच्या फॅक्टरीतून रिटायर झालेले. गाडी खरं तर त्यांच्याआधीच रिटायर व्हायला हवी होती. दर चार दिवसांनी इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटची बाटली अर्धी व्हायची आणि खाली जमिनीवर एक थेंब नाही. टिकारामनं रेडिएटर पाहिलं, पाइप दाबून पाहिले, वॉटर पंप तपासला, झाकण बदललं. ऑइल स्वच्छ होतं, धूरही पांढरा नव्हता, म्हणजे कूलंट इंजिनातही जात नव्हतं. गाडी तिसऱ्यांदा परत आली तेव्हा वासुदेवराव म्हणाले, "टिकाराम, आज नाही सापडलं तं उद्या नागपूरले नेतो. वाईट नोको मानू." वाईट मानण्यासारखंच होतं. बावीस वर्षांत त्याच्या हातून सुटून एकही गाडी नागपूरला गेली नव्हती.

आता एकच जागा राहिली होती. डॅशबोर्डच्या आत हीटरचं छोटं रेडिएटर असतं. ते गळलं तर कूलंट गाडीच्या आतच मुरतं आणि गोडसर वास येतो. पण ते पाहायला अर्धा डॅशबोर्ड खोलावा लागतो, आणि इतकं जुनं प्लास्टिक तुटलं तर दुसरं मिळत नाही. आधी खात्री हवी होती. टिकाराम गाडीत बसला, काचा लावल्या, हीटर सुरू केला आणि नाक फेंदारून हुंगत राहिला. काहीच नाही. शेजारच्या पंक्चरवाल्याला बोलवावं, तर संध्याकाळपर्यंत गावभर बोभाटा.

तेवढ्यात सरिता डबा घेऊन आली. तिला पाहिलं आणि त्याला राहवलं नाही.

"गाडीत बस थोडी."

"काहून जी? कुठं जाचं आहे?"

"कुठंच नाही. वास येते का पाह्य."

ती बसली, दार लावून घेतलं आणि लगेच म्हणाली, "गोड वास येऊन राहिला. गुळाचा पाक करपल्यावानी."

"कुठून?"

ती वाकली. "इथून, माह्या पायापासून."

टिकारामनं शेजारच्या सीटवरून वाकून जाड रबरी मॅट उचलली, खालचं कारपेट दाबलं. बोटांना कूलंटची हिरवट ओल लागली. चोर सापडला होता. त्यानं आनंदानं ओरडायला हवं होतं, पण सरिता त्याच्याकडे टक लावून पाहत होती.

"इतका वास येते, तं तुमाले नाही आला?"

त्यानं मॅट पुन्हा खाली टाकली. "नाही. तापापासून कायचाच नाही येत."

"भाजीचाबी नाही?"

"नाही."

"मंग रोज वा वा कायले करत होते?"

"तुह्या जिवाले घोर नोको म्हनून."

सरिताला आधी राग आला, आणि मग रडू. "सहा महिने एकट्यानं सोसलं. मी काय परकी आहो का जी?"

"भाजीचं सोड," तो खाली पाहत म्हणाला. "सकाळी तू चहा घेऊन जवळ आली का मले डोळे न उघडताच समजे, तू आली म्हनून. आता नाही समजत. त्याचंच लय वाईट वाटते."

सरितानं पदरानं डोळे पुसले. बाहेर कोणी नाही ना, ते काचेतून पाहून घेतलं.

"मंग आवाज देत जाईन," ती म्हणाली. आणि लग्नाला सव्वीस वर्षं झाल्यावर, त्या जुन्या गाडीत बसून, तिनं पहिल्यांदा नवऱ्याला नावानं हाक मारली.

"टिकाराम."