कावळा शिवण्याआधीची खीर

देवावर माझा विश्वास तेव्हा बेताचाच होता. स्वतःवर मात्र भलताच. वय एकोणीस, रत्नागिरीच्या इस्पितळात वर्षभर शिकलेली, अंगावर कडक इस्त्रीचं पांढरं लुगडं. जयगडच्या वाटेवरच्या एका घरी मधुमेहाने झिजलेल्या काकींना इन्शुलिन टोचायला डॉक्टरांनी मला ठेवलं, तेव्हा साक्षात धन्वंतरी निघाल्याच्या तोऱ्यात मी गेले. पहिल्याच दिवशी त्यांच्यासमोरून गूळ-साखर हलवली. "गोड म्हणजे विष," मी बजावलं.

पितृपक्षात त्यांच्या सासऱ्यांची तिथी आली. सुई दिल्यावर अर्ध्या तासात रोग्याने जेवायचं, हे मला पाठ. "स्वयंपाक झाला?" मी विचारलं. "झाला," काकी म्हणाल्या. मी सुई दिली. पितरांच्या पानाला कावळा शिवेपर्यंत त्या घरात कुणी घास घेणार नाही, हे कोकणात जन्मूनही माझ्या शहाण्या डोक्यात आलं नाही.

पान परसात ठेवलं. कावळा येईना. एरवी माडांवर नुसता कलकलाट. त्या दुपारी एकही नाही, वाराही पडलेला. तास उलटला. काकींना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, नजर आमच्यातून आरपार पलीकडे गेली. मग जाड, घोगऱ्या आवाजात त्यांनी नवऱ्याला हाक मारली, "सख्या, भूक."

सखारामभाऊ ताडकन उठले. एवढ्या संसारात बायकोने त्यांचं नाव कधी घेतलं नव्हतं. सख्या म्हणणारे एकटे त्यांचे वडील. "बाबा," म्हणत त्यांनी लोटांगण घातलं. आणि ही शिकलेली नर्स? रक्तातली साखर उतरली की माणूस असंच बरळतं, हे वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं. तरी मीही भाऊंच्या शेजारी हात जोडून बसले. "बाबा, चुकलं," असंही म्हटलं बहुतेक. आठवलं की अजून कान गरम होतात.

तेवढ्यात घरापुढच्या खळ्यात एक म्हातारी दिसली. डोक्यावर लाकडांची मोळी, पाणी मागायला थांबलेली. तिने काकींकडे एकदा पाहिलं.

"काय म्हणतोय म्हातारा?"

"भूक म्हणतायत," भाऊ पुटपुटले.

"मग वाढा की रे. तो स्वतः आल्यावर कावळ्याची वाट कशाला बघता?" मग माझ्याकडे वळून, "आणि तू गो शाण्ये, नुसते हात जोडायला शिकलीस काय? भरव खीर."

'गोड कसं देऊ' हे ओठांपर्यंत आलं, पण हात उठले होते. चमचा चमचा खीर काकींनी गिळली. हळूहळू घाम सुकला. त्यांनी पदर सावरला आणि आपल्या नेहमीच्या आवाजात विचारलं, "यांचं जेवण झालं का?"

परसात पाहिलं तर पान उष्टं झालेलं. कावळा येताना कुणी पाहिला नाही. म्हातारीही निघून गेलेली, तिच्यासाठी काढलेला पाण्याचा तांब्या भरलेला तसाच. वाडीत विचारलं, खाडीवरच्या तरीवाल्याला विचारलं. असली मोळीवाली कुणालाच ठाऊक नव्हती.

काकी पुढे बरीच वर्षं जगल्या. ती कोण, हे शोधणं मी केव्हाच सोडलं. नातींना सांगते तर हसतात, हसू देत. माझी विद्या माझ्याजवळच होती, आणि नेमक्या घटकेला मला सापडली नाही. कुणीतरी ती पुन्हा हातात दिली. त्यानंतर ज्या ज्या घरी गेले, तिथे रोग्यापुढे ताट आलेलं पाहिल्यावाचून मी सुई भरली नाही; आणि भरताना मनात म्हणत आले, आई, मी विसरले तर तू आहेस.