पंचमीची कढई

साळूबाईची जीभ चाले तेवढे हात चालत नसत. लेक लग्नानंतर पहिल्यांदाच पंचमीला उस्मानपुऱ्यात माहेरी येणार, लाह्यांचे लाडू तिचा जीव की प्राण, हे गल्लीभर सांगून झालं. पण आदल्या दिवशी बाई क्रांती चौकात बांगड्या भरत रमली आणि भिजवलेली ज्वारी फडक्यात तशीच बांधलेली राहिली.

पंचमी उजाडली. त्या दिवशी भाजलं-तळलं की नागाला चटके बसतात, म्हणून चुलीवर तवा नाही, कढई नाही, सारं उकडूनच खायचं. मग साळूबाईला शेजारची सगीरा आठवली. मुसलमानाच्या घरात कसली आलीय पंचमी!

ती गेली तेव्हा सगीराची चूल थंड होती आणि पोरं रात्रीची भाकरी दुधात कुस्करून खात होती. आळशी कुठली, साळूबाई मनात म्हणाली.

"सगीरा, एवढ्या लाह्या फोडून दे गं. तुमाला काय, चालतंय."

सगीरा थोडा वेळ ज्वारीकडं बघत राहिली. "ठेवा आक्का. गूळ हाय घरात, लाडूच वळून देते."

दुपारी ती लाडू घेऊन आली तेव्हा उजव्या हाताला ओलं फडकं गुंडाळलेलं. गरम पाकात लाडू वळताना तळहात पोळला होता. तेवढ्यात लेक आली आणि डब्यातला लाडू तोंडभर खात म्हणाली, "आई, तुझ्या हातची चव कुनाला नाय!" सगीरा नुसती हसली. साळूबाईला मान वर करवेना. पाप आपलं, ते ढकललं दुसरीच्या चुलीवर, आणि शिक्षाही तिलाच.

दिवस कलल्यावर ती तुपाची वाटी घेऊन सगीराकडं गेली. "माज्या घरात कढई चालत नव्हती, म्हनून तुज्या गळ्यात घातलं. लई चुकलं माजं."

"ठावं होतं मला," सगीरा म्हणाली. "माजं माहेर सोयगावकडचं. शेतात नाग लई. अम्मी पंचमीला कढई ठेवायची नाय. मीबी कधी ठेवली नाय."

"मग आज?"

"तुमची लेक पैल्यांदा आली ना, आक्का."

साळूबाईला सकाळची थंड चूल आठवली, दुधातली शिळी भाकरी आठवली. वाटी तिथंच ठेवून ती घरी आली. लेक डब्यातला आणखी एक लाडू काढत होती. गल्लीभर बोलणारी साळूबाई उंबऱ्यावरच बसली.

"ते मी नाय केले, बाई," ती म्हणाली.