लेंग्याची नाडी

मारुती कार्ल्याचा. आंबीच्या एका कंपनीत त्याने सोळा वर्षं पत्रा दाबायचा प्रेस चालवला. तिथे दरवर्षी मेडिकल व्हायचं. डॉक्टर विचारायचे, "काही त्रास?" आणि कंबर धरलेला माणूसही म्हणायचा, "न्हाई साहेब, एकदम फिट." फिट नसलेल्याला गेट दाखवतात, हे सगळ्यांना पाठ होतं.

मग मारुतीचा उजवा हात प्रेसखाली सापडला. हात जागेवर राहिला, त्यातला जीव गेला. शेवटी गेट दिसलंच. बायको राजेश्वरी हायवेला कणसं भाजून विकू लागली.

निराधारांच्या योजनेतून दर महिन्याला पैसे मिळतात, असं तलाठ्याकडे कळलं. अडचण एकच. अपंगत्व किमान चाळीस टक्के हवं.

सरकारी दवाखान्यात तपासायला डॉक्टरीणबाई होत्या, मारुतीच्या मुलीच्या, समीक्षाच्या वयाच्या.

"काका, शर्टाची बटणं लावता येतात?"

"व्हय."

"भाकरी मोडता येते?"

"मोडतो की."

"लेंग्याची नाडी?"

राजेश्वरी दाराशी उभी होती. सकाळी तिनेच ती बांधली होती. मारुती तिच्याकडे न बघता हसला. "तेवढंबी जमू नये, इतका का म्हातारा झालो मॅडम?"

मॅडमही हसल्या. दाखल्यावर पस्तीस टक्के आले.

स्टँडवर राजेश्वरी म्हणाली, "झालासा न्हवं फिट? जावा आता कंपनीत."

"त्या पोरीम्होरं काय सांगू गं? बायको नाडी बांधती म्हणून?"

"आन् मी रस्त्यावर हुबी ऱ्हाते, ती कुणाम्होरं? तुमच्या कंपनीचीच बस थांबती. तुमचं दोस्त कणसं घेत्यात. 'मारुतभाऊ कसं हायती वहिनी?' म्या म्हनते, बरं हायती."

हे त्याला ठाऊक नव्हतं.

राजेश्वरीनेच फेरतपासणीचा अर्ज दिला. पुन्हा त्याच मॅडम, पुन्हा तेच प्रश्न. नाडीचा प्रश्न आला आणि 'जमतं' हा शब्द मारुतीच्या ओठांपर्यंत आला. तो त्याने गिळला. डाव्या हाताने गाठ ओढून सोडली आणि म्हणाला, "बघा."

एक टोक दातात धरता येईना, दुसरं बोटांतून निसटलं. लेंगा त्याने कोपराने कसाबसा दाबून धरला. कानापर्यंत तापला तो.

"राजे, आत ये."

ती आली. घरी बांधते तशीच तिने गाठ मारली आणि सवयीने त्याचा शर्ट खाली ओढला. मॅडम टेबलावरचा पेन उगाच इकडचा तिकडे करत होत्या.

"काका, मागच्या वेळी का नाही सांगितलंत?"

"कंपनीची सवय, मॅडम."

त्यांनी लिहिलं. म्हणाल्या, "आता तुम्ही चाळीसच्या वर जाता. अर्ज करा."

राजेश्वरीने पदराने डोळे पुसले. मारुती वळला, तर दार उघडंच राहिलेलं. बाहेरच्या बाकावरचे सगळे एकदम छताच्या पंख्याकडे बघू लागले. पंखा बंद होता.