दिगूच्या कांडपावरचा बदली इंटर्न

माझ्या मुलीची इंटर्नशिप महिनाभराची होती. त्यातला एक दिवस मी केला, आणि लालबागच्या त्या गल्लीत लोकांच्या लक्षात तेवढाच एक दिवस राहिला आहे.

सायली तेव्हा बीएमएसच्या दुसऱ्या वर्षाला होती. कॉलेजचा नियम असा की उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभर कुठेतरी इंटर्नशिप करायची, नाहीतर गुण पूर्ण होत नाहीत. ज्यांना इंटर्नशिप मिळणार नाही त्यांच्यासाठी जॉब शॅडोइंग, म्हणजे नोकरी करणाऱ्या माणसाच्या मागे सावलीसारखं फिरायचं आणि तो काय करतो ते लिहून आणायचं.

"मग माझ्यामागे फीर की," मी म्हणालो. मी विमा कंपनीत आहे.

"फिरले असते बाबा," सायली म्हणाली, "पण तुम्ही हलत नाही."

तिच्या मैत्रिणींना लोअर परळच्या काचेच्या ऑफिसांत जागा मिळाल्या होत्या, कारण त्यांच्या वडिलांच्या ओळखी होत्या. माझी ओळख आमच्या कॅन्टीनवाल्यापलीकडे जात नाही. सायलीच्या अर्जांना कुणी नकारसुद्धा पाठवत नव्हतं आणि रोज रात्री जेवताना ती एक पोळी कमी खात होती. (ती डाएटवर होती हे मला नंतर कळलं. पण अपराधीपणा एकदा आला की तो असल्या चौकशा करत बसत नाही.) शेवटी मी शाळेतल्या मित्राला, दिगूला, फोन केला. दिगूचं लालबागला मसाला कांडपाचं दुकान आहे, आजोबांपासूनचं.

"इंटर्न म्हणजे काय करणार ती?" दिगूने विचारलं.

"शिकेल."

"अव्या, इथे लोक शिकत नाहीत, शिंकतात."

पण त्याने घेतलं. कॉलेजला कळवताना मी 'मसाला प्रक्रिया उद्योग' असं लिहिलं. सायलीने ते वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं.

ज्यांनी कधी मसाला कुटून आणलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. कांडपावर बाई आपला मसाला सोडून जात नाही. मिरच्यांचे देठ काढून, उन्हात वाळवून, भाजून ती डबा घेऊन येते आणि लोखंडी मुसळं चालू असेपर्यंत त्यांच्यासमोर पदर नाकाला लावून उभी राहते. आपल्यात दुसरीचा चमचाभर मसाला आला किंवा आपला तिच्यात गेला, तर वर्षाचं जेवण बिघडतं. एप्रिल-मे महिन्यात दिगूच्या दारात बायकांची रांग रस्त्यापर्यंत असते, आणि प्रत्येकीचा अर्धा दिवस त्यात जातो.

सायलीने पहिल्याच आठवड्यात हे हेरलं आणि चिठ्ठ्यांची पद्धत काढली. डबा ठेवा, नंबरची चिठ्ठी घ्या, संध्याकाळी या. बायका हसल्या. तेव्हा सायली म्हणाली, "तुमच्या जागी मी उभी राहते. समोरून हलणार नाही."

पहिला डबा ठेवला तो कांबळेबाईंनी. त्या वरळीला राहतात, महापालिकेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांनी सायलीला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाल्या, "विश्वास ठेवते. एकदाच ठेवते." कांबळेबाईंनी ठेवला म्हटल्यावर बाकीच्यांनी ठेवला. आमच्या बिल्डिंगच्या खालच्या मजल्यावरच्या परबकाकूंनीसुद्धा ठेवते म्हणून सांगितलं, आणि परबकाकू तर स्वतःच्या नवऱ्यापाशीही मसाला ठेवत नाहीत. महिनाभर सायली उभी राहिली. संध्याकाळी लाल होऊन घरी यायची, खुशीत. दिगूने मला फोन करून सांगितलं, "पोरगी चीज आहे. सर्टिफिकेट मी फ्रेम करून देणार."

शेवटच्या आठवड्यात तिला प्रभादेवीच्या एका ऑफिसातून मुलाखतीचं बोलावणं आलं. आणि नेमक्या त्याच दिवशी दिगूकडे कांबळेबाईंचा दुसरा हप्ता, परबकाकूंचा वर्षाचा मसाला आणि आमचा स्वतःचा, असे तीन डबे लागले होते.

"नाही जात मी," सायली म्हणाली. "शब्द दिलाय."

"तू जा," मी म्हणालो. "मी उभा राहतो. उभं तर राहायचंय."

हे वाक्य मला आजही ऐकवलं जातं.

सकाळी मी रजा टाकून गेलो. तिन्ही मसाले कुटून होईपर्यंत मी खरोखरच हललो नाही. कुटलेला मसाला गरम असतो, झाकण लगेच लावत नाहीत. दिगूने तिन्ही डबे टेबलावर उघडे ठेवले, प्रत्येकाच्या काठावर त्याची चिठ्ठी टेकवली आणि मशीन बंद केलं.

"दोन घास खाऊन येतो," तो म्हणाला. "कशाला हात लावू नकोस."

मी डब्यांना हात लावला नाही. हे मी कांबळेबाईंसमोरही सांगितलं आहे. पण मे महिन्याची दुपार, पत्र्याचं छप्पर, आणि माझ्या घामाचा थेंब कुणाच्या वर्षाच्या मसाल्यात पडला तर काय, ही काळजी. भिंतीवर पंखा होता. त्याच्या बटणावर काळी टेप चिकटवली होती. मला वाटलं, बटण सैल असेल. मी ती टेप हळूच, अगदी कोपऱ्यापासून सोडवली. पुढे लावता यावी म्हणून जपूनही ठेवली. आणि पंखा लावला.

कांडपाच्या दुकानात पंखा का लावत नाहीत हे मला साधारण दोन सेकंदांत समजलं. तीन पिढ्यांची मिरची त्या भिंतींवर, तुळयांवर, पंख्याच्या पात्यांवर बसून होती. ती सगळी उठली. मी शिंकलो, मग शिंकतच राहिलो, आणि चाचपडत बाहेर पडलो. समोरचा फरसाणवाला शिंकत होता. त्याचं गिऱ्हाईक शिंकत होतं. एक टॅक्सीवाला काच वर करून शिंकत होता. पाणी मारून डोळे उघडले, श्वास रोखून आत गेलो, पंखा बंद केला. (टेपही परत लावली.) डबे जागच्या जागी होते. चिठ्ठ्या जमिनीवर होत्या.

इथे मी दिगूची वाट पाहायला हवी होती. पण मनात आलं, पोरीचं महिनाभराचं नाव आपण एका बटणात घालवलं. आणि अपराधी माणूस थांबत नाही, तो विचार करून चुकतो.

मी वास घेतला. नाकाने उत्तर दिलं नाही. बोटाने चव पाहिली, जीभही बधिर. मग डबे नीट पाहिले. स्टीलचे डबे, आणि आपल्याकडे स्टीलवर नाव घातलेलं असतं! एका डब्यावर 'परब' असं कोरलं होतं. तो परबकाकूंचा. दुसऱ्यावर 'वरळी' असं काहीतरी पुसट होतं. तो अर्थात वरळीच्या कांबळेबाईंचा. तिसरा कोरा. तो आमचा, कारण आमचं नाव कुणी कधी कशावर घातल्याचं मला आठवत नव्हतं. चिठ्ठ्या लावल्या, झाकणं घातली. दिगू जेवून आला, म्हणाला, "वा! कशाला हात नाही ना लावलास?"

संध्याकाळी परबकाका आपला डबा घेऊन गेले, कांबळेबाईंचा जावई त्यांचा घेऊन गेला, आणि मी आमचा घेऊन घरी आलो.

"हा डबा कुणाचा?" माझ्या बायकोने, मंदाने, दारातच विचारलं.

"आपला."

"आपला डबा परबकाकूंनी दिलेला. वास्तुशांतीला. नाव आहे त्यावर त्यांचं."

डब्यावर देणाऱ्याचं नाव असतं, घेणाऱ्याचं नसतं, हे माझ्या लग्नाला पंचवीस वर्षं झाल्यावर मला असं कळलं. मी काही बोलणार तेवढ्यात परबकाकू जिना चढून आल्या. हातात 'परब' लिहिलेला डबा.

"मंदा, मी दिलेलो डबो माकाच परत? आवडलो नाय तर तेव्हाच सांगूचा होता."

"काकू," मी म्हणालो, "डबे फक्त बदललेत. मसाला तुमचाच आहे."

हे मी का बोललो? सायली मुलाखतीहून येऊन सोफ्यावर बसली होती, आणि काकूंनी डबा खाली ठेवून तिच्या गालावरून हात फिरवला होता. 'वरळी' लिहिलेला डबा काकूंचाच निघाला. वरळीला त्यांचं माहेर. कांबळेबाईंचाही फोन आला, त्यांनाही मी तेच सांगितलं. "ठीक आहे," त्या म्हणाल्या, "डबे सावकाश बदलून घेऊ." तिन्ही घरांत मसाला बरण्यांत भरला गेला.

आता या तीन मसाल्यांबद्दल. माझ्या पित्तामुळे आमचा मसाला अतिशय सौम्य असतो, पाहुणे त्याला हळद समजतात. परबकाकूंचा मालवणी. कांबळेबाईंचा कांदा-लसणाचा, सातारी, जहाल. रविवारी खालच्या मजल्यावरून परबकाकांचा आवाज आला. "ह्यां बांगड्याचा तिखला हा की पेज?" त्यावर काकू म्हणाल्या की मिरची कुणी आणली होती ते आठवा. काकांनी आणली होती. दोघांचं बोलणं बंद झालं.

आमच्याकडे साधी आमटी होती. पहिल्या घासाला माझ्या कानातून काहीतरी निघून गेलं.

"कशी झालीय?" मंदाने विचारलं.

"छान," मी म्हणालो. मला उचकी लागली होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"मग रडताय का?"

"आईची आठवण आली."

दोन दिवस मी आईची आठवण काढत जेवलो. तिसऱ्या दिवशी मंदा बहिणीशी फोनवर बोलताना ऐकलं. "या वर्षी माझा हात चुकला गं. पुढच्या वर्षीपासून पाकीटच आणेन म्हणते." पंचवीस वर्षं स्वतःच्या हाताने मसाला करणारी बाई हे बोलत होती. मी उठलो आणि सायलीला गच्चीवर नेऊन सगळं सांगितलं.

तिने दोनच प्रश्न विचारले.

"पंखा लावलात?"

"हो."

"टेप काढून?"

"जपून काढली."

दुसऱ्या दिवशी, इंटर्नशिपच्या शेवटच्या दिवशी, तिने तिघींना दुकानात बोलावलं. कांबळेबाई स्टुलावर बसल्या. मला म्हणाल्या, "उभे राहा. क्रमाने सांगा." मी क्रमाने सांगितलं. टेपपाशी दिगूने कपाळावर हात मारला. डब्यावरच्या नावांपाशी तिन्ही बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, आणि परबकाकू म्हणाल्या, "म्हणजे ह्यांनी मिरची बरी आणलेली?" त्यांना मसाल्यापेक्षा याचंच वाईट वाटलेलं दिसलं. मंदा एवढंच म्हणाली, "म्हणजे माझा हात चुकला नव्हता."

"मसाले परत करा आणि मोकळे व्हा," दिगू म्हणाला.

"कुठून परत?" कांबळेबाई म्हणाल्या. "निम्मा जावयाने मस्कतला नेला. आणि तो जहाल मसाल्याच्या आशेवर आहे."

मग दिगूने सर्टिफिकेटचा कागद खिशातून काढला आणि परत खिशात घातला. "कॉलेजवाले फोन करून विचारतात," तो पुटपुटला. "काय सांगू?"

"मुलीला द्या," कांबळेबाई म्हणाल्या. "चूक तिची नाही."

"माझीच आहे, बाई," सायली म्हणाली. "तुम्ही विश्वास माझ्यावर ठेवला होतात. मी माझ्या जागी माणूस ठेवला आणि त्याला पंख्याचं सांगितलं नाही. तिघींचे मसाले नव्याने कुटून होईपर्यंत मी येणार. मग द्या सर्टिफिकेट."

कांबळेबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मुलगी आईवर गेली आहे."

मिरची मी आणली. तिन्ही घरांच्या मिरच्यांचे देठ मी काढले, आणि त्याच हातांनी एकदा विसरून डोळे चोळले. सायली पुन्हा मुसळांसमोर उभी राहिली. शेवटचा डबा भरल्यावर दिगूने सही केली, आणि सर्टिफिकेट खरंच फ्रेम करून दिलं. कॉलेजच्या तोंडी परीक्षेत तिला विचारलं, काय शिकलीस? ती म्हणाली, "बटणावर नुसती टेप लावून भागत नाही, का लावली तेही लिहावं लागतं." तिला वर्गात सगळ्यांत जास्त गुण मिळाले. प्रभादेवीचं ऑफिस अजून 'कळवतो' म्हणतं आहे.

यंदाच्या हंगामात मी मंदाबरोबर डबा धरून गेलो. पंख्याच्या बटणाखाली आता पाटी आहे. मला आत यायला मनाई नाही, पण मी आपण होऊनच फरसाणवाल्याच्या बाजूला उभा राहतो. (तो मला पाहिलं की रुमाल काढतो.) रांगेतल्या एका नव्या बाईंनी दिगूला विचारलं, "ते समोर उभे आहेत ते कोण? मघापासून इकडेच बघतायत."

"ते होय," दिगू मसाला चाळता चाळता म्हणाला. "ते आमच्याकडे इंटर्न होते. ठेवून नाही घेतलं."